टोळीतला सभ्य माणूस

ठरवून खेळायच्या कुस्त्यांमध्ये त्याला गुंडांच्या टोळीत घातलं होतं, आणि तिथे तो दुसऱ्याच्या पंगतीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. समोरच्याला आपटून झालं की हा हळूच विचारायचा, "लागलं का?"

"अरे, गुंड आहेस तू, नर्स नाहीस," म्होरक्या वैतागायचा. पण या धंद्यात कुठला फटका कधी बसणार हे ज्याचं त्याला आधी सांगितलेलं असतं, म्हणून हाडं शाबूत राहतात. याने तेवढंच मनावर घेतलं होतं.

आज मात्र कपडे बदलायच्या खोलीत टोळीतले तिघंही गोड वागत होते. म्होरक्याने स्वतः त्याच्या मनगटाला पट्टी बांधून दिली. "आजचा शेवट तुझा. समोरच्याला आडवा कर आणि हात वर करून उभा राहा. आम्ही आहोतच." नऊ वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. तो हरखून गेला.

त्याने प्रतिस्पर्ध्याला अलगद आडवा केला. प्रेक्षक एकदम उभे राहिले. हात वर करण्याआधी तो सवयीने चौकशी करायला वाकला, तेव्हा खाली पडलेला शत्रू ओठ न हलवता बोलला.



"दादा, हनुवटी छातीला लावा, मागून तुमचीच टोळी डोक्यात खुर्ची घालतेय. आम्हाला तर परवाच सांगितलं त्यांनी, तुम्हाला नाही?"