हातावरचा सौदा

मोरावा नदीकाठच्या आमच्या गुरांच्या बाजारात कागद लागत नाही. मी दलाल. विकणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या हातात देतो आणि वरून दाबून धरतो. भाव जुळला की हात तीनदा हलवायचे, सौदा पक्का. मग माघार नाही. त्याआधी हात सुटले, तर सौदा फिसकटला आणि माझी दलाली बुडाली.

त्या शुक्रवारी विधवा मिलुंकाबाई गाय विकत होत्या आणि विधुर रादोयको घेत होता. दोन तास मी हात दाबून उभा, भाव काही जुळेना.

"दीड लाख दिनार," रादोयको म्हणाला.

"तेवढ्यात शेपूट मिळेल!"

"बरं, एक लाख एकावन्न."

"इतकी उधळपट्टी करू नका हो, झोप लागायची नाही तुम्हाला."

बाजार उठायला आला, माझ्या हाताला मुंग्या आल्या. "बाई, निदान गाय तरी दाखवा यांना. बांधलीय कुठे?"

"यांच्याच गोठ्यात," मिलुंकाबाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात यांनाच विकली ना."

मी थक्क होऊन हात काढून घेतला. तसे दोघेही माझ्यावर खेकसले, "दलाल ना तुम्ही? मग दाबून धरा! आणि भाव जुळवायची घाई करू नका."