दुसरी किल्ली

"नुसत्या वासावरून कळायला पाहिजे," बाबा म्हणाले. "डिझेलचा वास वेगळा, पेट्रोलचा वेगळा. मला डोळे बांधून उभं करा, मी सांगेन."

सून सोफ्याच्या कडेला मान खाली घालून बसली होती. एरवी एक ऐकलं तर दोन सुनावणारी बाई. आज मघापासून तिनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

भानगड एवढीच, की नवऱ्याच्या कंपनीनं दिलेल्या डिझेल गाडीत पेट्रोल गेलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरून घ्यायच्या पंपावरून निघून दोन चौकही ओलांडले नसतील, गाडीनं आचके दिले आणि भर रस्त्यात बसकण मारली. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून सुनेचा उद्धार केला. "चूक झाली," एवढंच तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं. आता गाडी वर्कशॉपमध्ये पडली होती आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती.

ती गाडी म्हणजे घरातलं एक माणूसच होतं. लांबलचक स्टेशन वॅगन, मागे छोट्या खोलीएवढी डिकी. मुलं तिला मालगाडी म्हणायची. नवरा खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत होता, त्यामुळे आठवडाभर डिकीत खिडक्यांचे नमुने असत. सुट्टीला नमुने उतरायचे आणि सायकली, चटया, बाबांची घडीची खुर्ची वर चढायची. संध्याकाळी गाडी सुनेच्या ताब्यात. मुलांना पोहायला नेणं, तिच्या आईला फिजिओथेरपीला नेणं, सगळं या गाडीवरच चालायचं. स्वतःच्या पैशानं अशी गाडी घेणं या घराला कधी जमलं नसतं, आणि हे मुलांनाही ठाऊक होतं.

बाबांचा तर या गाडीवर जीव होता. त्यांचा जन्म डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. सकाळी मुलगा गाडी सुरू करायचा तेव्हा ते चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहायचे, कान देऊन ऐकायचे आणि "ठणठणीत आहे" असं सांगून मगच पहिला घोट घ्यायचे.

नवरा बाल्कनीत फोनवर होता. पलीकडे कंपनीत गाड्यांचं बघणारे साहेब. नवऱ्याचा आवाज दर वाक्यागणिक बारीक होत चालला होता. "हो सर. नाही सर. बायकोनं, सर." मग बराच वेळ नुसतं "हो, हो".

तो आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेणार," तो म्हणाला. "टाकीच्या झाकणावर डिझेल असं लिहिलंय. चांगलं ठळक लिहिलंय. दिसलं कसं नाही तुला?"

"लक्ष नव्हतं माझं," ती म्हणाली.

"अगं, मी शेजारी बसलो होतो की," बाबा म्हणाले. "एका शब्दानं विचारायचंस. मी उतरून भरून दिलं असतं. यात कसली आलीय लाज, सूनबाई?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "चुकलंच बाबा," ती म्हणाली.

बाबांना लगेच वाईट वाटलं. माणूस मुळात मऊ. "जाऊ दे रे, होतं असं एखाद्या वेळी," ते मुलाला म्हणाले. "टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, की पळेल पहिल्यासारखी." आणि ते नातवंडांकडे आतल्या खोलीत गेले. जरा वेळानं आतून त्यांचा आवाज येऊ लागला. इंजिन आजारी कसं पडतं, ते मुलांना सांगत होते.

"दुसरी किल्ली दे," नवरा म्हणाला.

तिनं पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. पोहण्याचं काय, आईचं काय, काहीच विचारलं नाही. ती भांडेल अशी त्याला खात्री होती. भांडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"मी चिडून नाही सांगत," तो चिडूनच म्हणाला. "ही किल्ली आता बाबांकडे राहील. तुला गाडी लागली की त्यांच्याकडून मागून घ्यायची, त्यांना बरोबर न्यायचं, आणि पंपावर तेच उतरतील. या घरात डिझेलमधलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही." आणि तो आतल्या खोलीकडे निघालासुद्धा.

ती ताडकन उठली. त्याच्या आधी जाऊन तिनं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मला काय बोलायचं ते बोल," ती म्हणाली. "साहेबांना काय सांगायचं ते सांग. मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही. पण किल्ली त्यांच्याकडे नको."

"का नको?"

आत मुलं कशाला तरी हसली, पाठोपाठ बाबाही हसले. तिचे डोळे भरून आले. आता मात्र नवऱ्याचा राग उतरला आणि त्याला भीती वाटू लागली.

"पंपावर काय झालं?" त्यानं विचारलं.

"मी आत काउंटरवर पैसे द्यायला गेले होते," ती अगदी हळू म्हणाली. "बाहेर येऊन बघते तर बाबांनी टाकी भरून झाकणसुद्धा लावलं होतं. मी गाडीत बसले, तर माझ्याकडे वळून म्हणाले, 'ताई, तुम्ही त्याच बाजूला चालला असाल, तर मला माझ्या घरी सोडाल का?'"