पेटीचा चौथा कोपरा

तीस वर्षांची मैत्री मरणाखेरीज कशानेही तुटत नाही, असं औषधवाल्याचं ठाम मत होतं. रविवारी सव्वाचार वाजता मास्तरने पेटीचा कोपरा सोडला आणि ते मत जरा सैल झालं.

खेळ साधा होता. चौघांनी एक जड पेटी चार कोपऱ्यांना धरायची आणि जळत्या शहरातून बंदरापर्यंत न्यायची. वाटेत दुसऱ्या टोळ्या गोळ्या झाडणार. एकाने हात सोडला की पेटी पडते, डाव संपतो. चौघे मित्र आपापल्या घरी, कॉम्प्युटरसमोर, कानांवर हेडफोन चढवून, दर रविवारी चारला हे करत.

"मास्तर, लेका, सोडलास कशाला?" औषधवाल्याने विचारलं.

"तूच विचारलंस ना, रक्तदाबाची गोळी कधी घेतोस म्हणून. आठवत होतो."

"आठवायला हात सोडावा लागतो?"

"अरे, पुलावर होतो मी! पुलावर कुणी गोळीचं विचारतं?"

दातांच्या डॉक्टरने दिलेली जांभई तिघांनाही ऐकू गेली. चौथा मित्र, जमिनी मोजणारा, म्हणाला, "गप्प बसाल तर पोचू एखाद्या जन्मी."

"मी गप्पच असतो," औषधवाला म्हणाला. "कामापुरतं बोलतो. बरं, तुझ्या गुडघ्याचं काय? मलम चोळतोस की नुसतं लावतोस?"

पेटी पुन्हा पडली.

त्या दिवशी सात डाव झाले. सातही हरले. शेवटी, आठवड्यात एखाद्या दुपारी सराव करावा का, असा विषय निघाला. आठवड्यात मान वर करायला फुरसत नाही, असं तिघांनी सांगितलं. औषधवाल्यानेही तेच सांगितलं. तो खोटं बोलत होता.

गेले दोन महिने तो रोज दुपारी दोनला दुकानाचं शटर ओढून घेई, मागच्या खोलीत खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवी आणि अनोळखी लोकांबरोबर हाच खेळ खेळे. तिथे त्याचं नाव 'पंखा' होतं. नाव सुचेना तेव्हा त्याने वर पाहिलं होतं. 'चमचा', 'पायरी' आणि 'साडेतीन' अशा तिघांच्या टोळीला चौथा हवा होता. टोळीच्या दारावर पाटी होती : बोलणं बंद, फक्त पेटी.

माईक कुणाचाच चालू नसे. कुणाचा जावई रुसलेला नसे, कुणाची दाढ ठणकत नसे. एकजण वळला की बाकीचे वळत. जिंकले की पडद्यावर एक अंगठा उमटे. झालं संमेलन.

"अहो, मग रविवारी त्या तिघांबरोबर कशाला बसता?" बायकोने विचारलं. "उठता तेव्हा तोंड बघवत नाही तुमचं."

"मित्र आहेत."

"आणि हे दुपारचे?"

"हे खेळतात."

"मग सोडा की ते."

"माझ्याशिवाय त्यांचं कसं व्हायचं? या वयात चौथा कुठून आणतील?"

पण बुधवारी दुपारी लागोपाठ पाच डाव जिंकल्यावर त्याचा धीर सुटला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने अख्खं वाक्य लिहिलं : "दर रविवारी चारला जमेल का?"

'साडेतीन'ने लिहिलं, "रविवारी एक अडचण आहे. उद्या सांगतो."

संध्याकाळी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तो मित्रांसाठी निरोप लिहायला बसला. मान दुखते. खोडलं. डोळ्यांवर ताण येतो. खोडलं. तीस वर्षं मानेवर मोडायची की डोळ्यांवर, हे दुकान बंद करेपर्यंत ठरलं नाही.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. चौघांच्या ग्रुपवर डॉक्टरचा निरोप होता : "मित्रांनो, आता रविवारीही दवाखाना उघडा ठेवावा लागणार. माझं खेळणं बंद." पाच मिनिटांत मोजणीवाला : "माझाही गुडघा बसू देत नाही." मग मास्तर : "मग थांबवूच या आता."

औषधवाल्याने लिहिलं, "वाईट वाटलं. पण तब्येत आधी." नंतर त्याला इतकं हलकं वाटलं की पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने गोळ्या दिल्या आणि त्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

दोन वाजता शटर ओढलं. तिघे हजर होते.

"रविवार मोकळा केला," 'चमचा'ने लिहिलं. "कायमचा."

"माझ्यामुळे कुणाची गैरसोय तर नाही ना झाली?"

"छे. आम्हा तिघांचा एक जुना मित्र यायचा. औषधांचं दुकान आहे त्याचं. माणूस सोन्यासारखा, पण पेटी उचलली की गोळ्यांच्या वेळा विचारतो. आज सकाळी थापा मारून सुटलो एकदाचे."

'पायरी'ने पुस्ती जोडली, "तुम्ही बोलत नाही, फार बरं वाटतं हो."

औषधवाल्याने बोटं कीबोर्डवर नेली. उचलली. मग त्याने एक अंगठा पाठवला.

रविवारी चारला चौघेही हजर होते. सहा डाव झाले. सहाही जिंकले.