उल्का गप्प बसली

लेखिकेने पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं.

समोर संपादक पत्रांची तिसरी पिशवी रिकामी करत होते. चेहरा खुलला होता त्यांचा. अकरा वर्षांत कुठल्याच अंकाला एवढी पत्रं आली नव्हती. उल्का ही त्यांच्या चित्रकथांच्या मासिकाची नायिका. रुळांवरून घसरणारी आगगाडी ती एका हाताने थोपवायची, कोसळत्या पुलाला खांदा द्यायची आणि कुणापुढे म्हणून मान खाली घालायची नाही. मुली वह्यांवर तिची चित्रं चिकटवायच्या. मग खप घटत गेला. संपादकांनी लेखिकेला समोर बसवून सांगितलं होतं, "लोकांना आता आदर्श नकोत, आरसा हवा. तिला आपल्यासारखी करा. तिचंही काहीतरी दुखू दे."

लेखिकेने आधी उल्काला कंबरदुखी दिली. मग कटकट्या घरमालक दिला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून शेवटी नवरा दिला. नव्या अंकात उल्का पूल सावरून घरी येते आणि चपलांचा आवाज होणार नाही अशा बेताने आत शिरते. नवऱ्याचा हात उठतो. आगगाडी थोपवणारी ती बाई तो हात धरत नाही. शेवटच्या पानावर शेजारीण गालाकडे पाहून विचारते, तेव्हा ती एवढंच म्हणते, "दार लागलं."

तो अंक दोनदा छापावा लागला. अगदी माझीच गोष्ट, असं बायका पानंच्या पानं भरून लिहीत होत्या.

आणि त्यांत हे पत्र. खाली सही नव्हती. ते लेखिकेला नव्हतंच, उल्काला होतं.

"मी बॅग भरली होती. मग तुमची गोष्ट वाचली. एवढी ताकद असून तुम्ही घरी गप्प बसता, तर मी कोण लागून गेले? सगळे कपडे परत कपाटात लावले. आता जिवाला बरं वाटतं. तुमचे आभार."

अक्षर ओळखायला लेखिकेला चष्मा लागला नसता. 'ळ'चं वेटोळं उलटं होतं. धाकट्या बहिणीचा हात धरून तिनेच तो ळ पाटीवर गिरवून घेतला होता. तो काही शेवटपर्यंत सुधारला नाही.

"दार लागलं" हे वाक्यही धाकटीचंच. वर्षापूर्वी गालावरच्या वळाबद्दल विचारलं, तेव्हा ती तेवढंच बोलली होती. लेखिकेने ते मनात ठेवलं आणि पुढे कागदावर उतरवलं. खरं वाटावं म्हणून. अंक बाजारात आला त्याच आठवड्यात, पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर, धाकटीने ताईकडे राहायला यायचं कबूल केलं होतं. रविवारी येते, म्हणाली होती. तो रविवार गेला. त्यानंतरचे दोनही गेले. फोन उचलणं तिने बंद केलं होतं.

लेखिका उठली. संपादकांनी कुठे निघालात विचारलं, ते तिला ऐकूच आलं नाही. दोन तासांची बस, मग तीन जिने. भर दुपारी जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

दार धाकटीनेच उघडलं. अंगाची काहिली होत असताना तिने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. खोली लख्ख होती. टेबलावरचे पेले एका रेषेत, उशांना सुरकुती नाही. माणसं राहतात त्या घरात थोडा तरी पसारा असतो. ताईला पाहून धाकटी हसली नाही की रडली नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि हळू आवाजात प्रवास कसा झाला ते विचारू लागली.

लेखिकेने पत्राचा विषय काढला नाही. ऊठ, आहेस तशी चल, एवढंच म्हणाली.

 धाकटीने स्वतःच्या हातांकडे बघत विचारलं, "तुझी उल्का गेली का घर सोडून?"

अकरा वर्षं लेखिकेने कागदावर माणसांना आगीतून काढलं होतं, पुरातून काढलं होतं.  आता ती धाकटीसमोर जमिनीवर बसली, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सांगू लागली. पुढचा अंक अजून छापायला गेलेला नाही. त्यात उल्का नवऱ्याचा उठलेला हात हवेतल्या हवेत धरणार. मग सगळी गल्ली बघत असताना, दिवसाढवळ्या, दारातून बाहेर पडणार. मागे वळून बघणार नाही. आज घरी गेल्यावर लिहायलाच बसते. पहिली प्रत तुझ्या हातात.

"खरंच जाईल ती?"

"जाईल. मी सांगते ना."

धाकटीचे डोळे वर आले. तिचा पाय खुर्चीखाली चपला चाचपू लागला.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि धाकटीचा नवरा बाहेर आला. आज तो घरीच होता. त्याने वाकून नमस्कार केला, ताईंना पाणी दिलंस का म्हणून बायकोला विचारलं. धाकटीचा पाय जागच्या जागी थांबला. त्याच्या हातात उल्काचा अंक होता. पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती.

"पुढच्या अंकाची तसदी घेऊ नका, ताई," तो अदबीने म्हणाला. "आमच्या घराला हा एकच पुरतो. मीच आणला होता. रोज वाचून दाखवतो तिला."