पुलापलीकडचं हॉस्पिटल

"तू चहा टाक. यात तुला काही कळायचं नाही," मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांच्या पत्नी, गल्लीत कपडे शिवून देणाऱ्या शिवणाच्या बाई, जागच्या हलल्या नाहीत.

साहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बँक सुटली तरी रुबाब सुटला नव्हता. घरातसुद्धा सगळे त्यांना साहेबच म्हणत. आता ते सोफ्यावर उशांना टेकून बसले होते. सोमवारी त्यांच्या छातीत दुखलं आणि अख्ख्या घराची पळापळ झाली. तपासणीत हृदयाच्या दोन नसा तुंबल्याचं निघालं. चांगलंसं हॉस्पिटल गाठा आणि आठवड्याच्या आत स्टेंट बसवून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोणतं हॉस्पिटल, एवढंच ठरायचं होतं आणि तेच सकाळपासून ठरत नव्हतं.

साहेबांच्या बहिणीचं मत बागेजवळच्या हॉस्पिटलला होतं. "काय चकाचक आहे, दादा! आत कारंजं आहे, कारंजं!" साहेबांना कारंजं नको होतं, पण स्वतंत्र खोली हवी होती, आणि भेटायला येणाऱ्यांची नीट बसायची सोय. मुलगा मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत होता. एकाने हॉस्पिटलला पाच तारे दिले होते, तेही कँटीनसाठी.

"पुलापलीकडचं चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

नणंद फिसकन हसली. "वहिनी, हृदय आहे ते, ब्लाउजचा गळा नव्हे."

मुलगा हसला. साहेबही हसले, छातीवर हात ठेवून, बेताबेताने. बाई हसणं संपेपर्यंत थांबल्या. इतके दिवस दम धरला होता, तिथे आता कसली घाई?

"दिसायला साधंच आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी आत घेतात, कागदपत्रं मागाहून. तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या चित्र काढून समजावतात. मनगटातून नळी घालतात. आपण जागेच असतो. समोर पडद्यावर आपल्याच नसा दिसतात, जरा गंमत वाटते. रात्रीची नर्स तोंडाने फटकळ आहे, पण हाक मारली की येते."

मुलाने मोबाइल खाली ठेवला. "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

"मी करून आले ना."

"काय करून आलीस?"

"स्टेंट. होतील आता दोन वर्षं."

"भलती चेष्टा करू नकोस," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "जिना चढले की मला दम लागायचा. जबड्यापर्यंत कळ जायची. तुम्हाला सांगितलं, तर गॅस असेल म्हणालात. पुन्हा सांगितलं, तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवलात. मग बहिणीकडे जाते म्हणून मी बॅग भरली. तुम्ही एवढंच विचारलंत, जेवणाचं काय?"

"मला तरी फोन करायचास," मुलगा म्हणाला.

"केला होता की. मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो म्हणालास."

नणंदेला एकाएकी चहाची आठवण झाली आणि ती स्वतःच स्वयंपाकघरात निघून गेली.

"त्या गोळ्या..." साहेब चाचरले. "रोज जेवण झाल्यावर घेतेस त्या?"

"त्याच."

"मला वाटलं ताकदीच्या असतील."

"विचारलंत कधी?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हे सांगताना आपल्याला रडू कोसळेल, असं बाईंना नेहमी वाटत आलं होतं. तसलं काहीएक झालं नाही. खोटं कशाला सांगा, त्यांना मजा वाटली. तो उतरलेला चेहरा त्यांनी डोळे भरून पाहून घेतला. आणखी पुष्कळ बोलण्यासारखं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण दोन नसा तुंबलेल्या माणसाला एका दमात किती द्यायचं यालाही काही प्रमाण असतं.

मुलगा खाली मान घालून उठला. "मी पुलापलीकडे फोन लावतो," असं पुटपुटत तो गॅलरीत गेला.

खोलीत दोघंच उरली. साहेबांनी उशीचा कोपरा घट्ट धरला होता.

"तुझ्याजवळ कोण होतं तिथं?"

"कोण असणार? एकटीच होते."

"माझ्याजवळ..." साहेबांनी उशी जवळ ओढली. "माझ्याजवळ थांबशील ना?"

हा प्रश्न येणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्याचीच तर त्या वाट पाहत होत्या.

"थांबेन की. पण एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "मिस्टरांना बोलवा, मिस्टरांना बोलवा, म्हणून तिथं सगळे माझ्या फार मागे लागले होते. मग मी सांगून टाकलं, ते वारले म्हणून. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या हळहळल्या. अजूनही तपासणीला गेले की आपुलकीने विचारपूस करतात. तेव्हा तुम्ही माझे कोण लागता, ते आपण वाटेत ठरवू."