पुसायची बैठक

"काढा सगळ्यांनी आपापले फोन," पंडितभाऊ म्हणाले, आणि मारुतीच्या पारावर बसलेल्या गावाने खिशात हात घातले.

बैठक मोनालीच्या फोटोची होती. तो तिने साखरपुडा झाल्यावर कुंदनला, एकट्याला, पाठवला होता. पुढे तिने लग्न मोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कुंदनने तो 'केळी बाजारभाव' ग्रुपवर टाकला. धुळ्याकडचा कुंदन यावल तालुक्यातल्या ग्रुपवर आला कसा, हे कोणी विचारत नव्हतं. मोनालीच्या बापानेच, तोतारामने, मोठ्या हौसेने त्याला त्यात घालायला लावलं होतं. होणाऱ्या जावयाला केळीचा भाव कळायला हवा! आता तोताराम पाराखाली, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता.

मोनाली आईजवळ उभी होती. नजर सारखी रस्त्याकडे. यावलहून फौजदार बाई निघाल्या होत्या. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मी येईपर्यंत कोणाला काही पुसू देऊ नकोस."

"मी तीन म्हटलं की एकदम पुसायचं," पंडितभाऊ म्हणाले. ग्रुप त्यांचाच होता. "गावची लेक आहे. विषय संपला पाहिजे."

पण पुसायचं म्हणजे आधी सापडायला हवं. साऱ्या माना खाली गेल्या.

"वर सरकव, नथ्थूनाना. अजून वर."

"आला, आला."

"बोट ठेव. मोठा झाला? होऊ दे."

इतकी परस्पर मदत गावात गेल्या निवडणुकीपासून दिसली नव्हती.

शालिग्राम मात्र रडकुंडीला आला होता. "माह्या फोन तवा दुरुस्तीले होता. माह्याकडे तो आलाच नाही. मी काय पुसू? उद्या लोक म्हणतीन, शालिग्रामनं एकट्यानं ठेवला."

"थांब, तुले पाठवतो," पितांबर म्हणाला. "मंग पूस सगळ्यांसंगं."

यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

"पितांबरकाका, बोट उचला," मोनाली म्हणाली.

आवाज इतका सरळ होता की पितांबरने बोट तर उचललंच, वर हातही उचलला, शाळेत उचलावा तसा.

"पाठवायचा नाही अन् पुसायचाही नाही. ज्यानं पुढं पाठवला तोही गुन्हेगार. पुसला तर पुरावा नष्ट केला म्हणून आणखी एक कलम. फौजदार बाईंनी सांगितलंय."

"आमी कुठी पाह्यला व माय," नथ्थूनाना कळवळले. "आमी त भाव पाह्यले उघडलं होतं."

"मग काय भाव निघाला होता त्या दिवशी, नाना?"

नानांनी पंडितभाऊंकडे पाहिलं. पंडितभाऊंनी पितांबरकडे. पितांबरचा हात अजून वरच होता. या गावात सासऱ्याच्या तेराव्यालासुद्धा आधी भाव विचारतात आणि मग पानावर बसतात. आज अख्ख्या पाराला भाव आठवेना.

"म्हणजे ठेवला तरी गुन्हा, पुसला तरी गुन्हा?" पंडितभाऊ म्हणाले. "मग माणसानं करावं काय?"

"बसावं."

"कायदा इतका कडक असतो का कुठं?"

महिला दिनाच्या भाषणात कायदा कडक करा, असं टेबल बडवून तेच म्हणाले होते. तो आपल्या गावापर्यंत येईल, असं तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं.

एकदोघांना अचानक ठिबकच्या नळ्या आठवल्या, कोणाची म्हैस आठवली. लोक उठू लागले. तेवढ्यात तोताराम उठला. आता बाप आपल्याला हाताला धरून घरी नेणार, असं मोनालीला वाटलं आणि तिने आईचा पदर घट्ट धरला. तोतारामने पारावरच्या माणसांकडे पाहिलं, खाली वाकून चपलांचा सगळा ढीग कवेत घेतला आणि पायरीवर आडवा बसला.

"कोनी हालायचं नाही," तो म्हणाला.

मग कोणी हललं नाही. कोणी फोन पालथा ठेवला, कोणी मांडीखाली घातला. पितांबरचा मांडीखालीच वाजला, तर तो अंड्यावरच्या कोंबडीसारखा फुगला, पण उठला नाही. मोनालीच्या आईने, बेबाबाईने, त्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. इतके दिवस ती कोणाकडे पाहत नव्हती.

जीप आली. फौजदार बाई उतरल्या, पार पाहिला, तोताराम पाहिला.

"वा! सगळे एकाच जागी. आहात तसेच बसा," म्हणत त्यांनी स्वतःचा फोन उंच धरला. "पंचनाम्याला फोटो लागतो."

पारावर एकच गडबड उडाली. नथ्थूनानांनी मारुतीकडे तोंड फिरवलं. शालिग्राम पितांबरच्या पाठीमागे लपला आणि पितांबर शालिग्रामच्या पाठीमागे लपू लागला. पंडितभाऊंनी गळ्यातला रुमाल पुरता तोंडावर ओढला.

आतून त्यांचा आवाज आला, "बाई, हा फोटो कुठंकुठं जाईल?"