पाचगणीची रोषणाई

सकाळी ऑफिसला निघताना गाडीची चावी खुंटीवर दिसली नाही, तसे निनादने बायकोचे केस धरले आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. "एक वस्तू धड जागेवर ठेवता येत नाही तुला?" चारुता खाली पडली, तेव्हा तिच्या कमरेत लाथ घातली आणि दुसरी चावी शोधून तो निघून गेला. विचुंब्याच्या त्या नव्या सोसायटीत शेजाऱ्यांनी शेजारधर्म पाळला. टीव्हीचा आवाज वाढवला.

संध्याकाळी निनाद नेहमीसारखाच मऊ होऊन आला. "पाचगणीला बुकिंग केलंय. नाताळची रोषणाई बघून येऊ. सॉरी ना, चारू!"

मारून झालं की तो असाच फिरायला न्यायचा. फ्रिजवरची महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळ्याची मॅग्नेट अशीच जमली होती. सात वर्षांची समृद्धी टाळ्या पिटत घरभर नाचली.

ठणकणारं कपाळ सांभाळत चारुता लेकीचे गरम कपडे बॅगेत भरायला बसली. लाल स्वेटरच्या खिशात हाताला काहीतरी टोचलं. गाडीची चावी.

"समू, ही तू लपवलीस?"

समृद्धीने मान खाली घातली.

"अगं, पण का?"

"मिस म्हणाल्या, तिथली लायटिंग फक्त नाताळातच असते." तिने आईच्या टेंगळावर हळूच फुंकर घातली. "आणि तोपर्यंत बाबांनी तुला मारलंच नसतं तर?"